नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यावर लॅपटॉप हँग होतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नवीन विंडोज टाकल्यापासून मशीन हँग होतंय’ हे वाक्य कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर जवळजवळ रोज ऐकू येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि बऱ्यापैकी चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपांवरही घाईघाईने विंडोज ११ किंवा लिनक्स टाकण्यात आले. तेव्हापासून ही तक्रार वाढली आहे. पुढील प्रश्न ग्राहकांनीच विचारलेले आहेत. उत्तरे देताना आमचा एकच आग्रह आहे : लॅपटॉप कोणत्या ठिकाणी अडकतो हे कळल्याशिवाय पुन्हा फॉरमॅट मारू नये.

नवी प्रणाली टाकली त्याच दिवसापासून लॅपटॉप गोठतो आहे. मग दोष नव्या प्रणालीचाच असणार ना?

तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु निम्म्याहून अधिक वेळा ते खरे ठरत नाही. जुनी प्रणाली वर्षानुवर्षे डिस्कच्या ठरावीक भागातून, ठरावीक ड्रायव्हरच्या (प्रणाली आणि सुटा भाग यांची सांगड घालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आधारे आणि माफक रॅममध्ये काम करत असते. नवी प्रणाली बसवताना काही गिगाबाइट मजकूर डिस्कवर नव्याने लिहिला जातो, प्रत्येक सुट्या भागासाठी नवा ड्रायव्हर येतो आणि वीज वाचवण्याचे नियम बदलतात. त्यामुळे आधीपासून दबून राहिलेला दोष, उदाहरणार्थ डिस्कवरचा कमकुवत झालेला भाग किंवा नीट न बसलेली रॅम, याच सुमारास उघडा पडतो. नव्या प्रणालीचा स्वतःचा दोष असेल तर तो बहुधा ड्रायव्हरमध्ये असतो. म्हणून पहिली विभागणी यंत्राचा दोष की सॉफ्टवेअरचा, अशी करावी.

‘हँग झाला’ म्हणजे नेमके काय झाले हे कसे ओळखावे?

लॅपटॉप अडकला की पॉवरचे बटण दाबण्याची घाई करू नये. आधी कॅप्स लॉकचे बटण दोन-तीनदा दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर प्रणालीचा गाभा जिवंत आहे. दिवा ढिम्म असेल आणि माउसचा बाणही हलत नसेल तर सगळेच थांबलेले आहे. नंतर आवाजाकडे लक्ष द्यावे. गाणे चालू राहून केवळ चित्र थिजले असेल तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा, आणि तोच अर्धा सेकंद आवाज रेकॉर्ड अडकल्यासारखा घुमत राहिला असेल तर रॅम, प्रोसेसर किंवा एखाद्या ड्रायव्हरने संपूर्ण यंत्र धरून ठेवले आहे असे समजावे. बाण हलतो, पण ज्यावर क्लिक करावे ते उघडतच नाही आणि मिनिटभराने साठलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात, असे होत असेल तर डिस्क वेळेवर उत्तर देत नाही. एकच प्रोग्रॅम पांढरा पडून बाकी सारे चालत असेल, तर तो प्रश्न त्या प्रोग्रॅमपुरता आहे आणि पुढील बरीचशी उत्तरे त्याला लागू नाहीत.

ही पाहणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण दुरुस्ती करणाऱ्याचे दोन तास वाचवते. शक्य असल्यास मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दुकानात आणलेला लॅपटॉप दुकानात हँग होत नाही हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

काल संध्याकाळी विंडोज ११ टाकले आणि आज सकाळपासून सगळे संथ आहे. लगेच आणू का?

एक-दोन दिवस थांबावे. पहिल्या काही तासांत प्रणाली अद्ययावत फाइली उतरवते, शोधासाठी सर्व फाइलींची सूची तयार करते, विषाणूंसाठी संपूर्ण डिस्क तपासते आणि खाते जोडलेले असेल तर क्लाउडवरील कागदपत्रेही खाली आणते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर ही कामे एकाच वेळी चालली की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसतो. लॅपटॉप चार्जरला आणि इंटरनेटला जोडून, झोपू न देता, रात्रभर चालू ठेवावा आणि सकाळी एकदा रीस्टार्ट करावा. त्यानंतरही तोच प्रकार राहिला तर पुढे वाचावे.

दोष यंत्राचा की सॉफ्टवेअरचा, हे घरच्या घरी कळू शकते का?

पुष्कळ अंशी कळते आणि त्यासाठी दोन चाचण्या पुरतात.

पहिली सेफ मोडची. शिफ्ट बटण दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केले की निळा पडदा येतो. तेथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे आणि येणाऱ्या यादीतून ४ हा अंक दाबावा. विंडोज सुरूच होत नसेल तर सुरू होताना लागोपाठ दोन-तीन वेळा पॉवर बंद केल्यावर तोच निळा पडदा आपोआप येतो. मात्र डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर येथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, तेव्हा ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्यावी. अलीकडील विंडोज ११ मध्ये नव्याने प्रणाली टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास हे कुलूप अनेक लॅपटॉपांवर आपोआप लागते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडमध्ये अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर चालतात. तेथे तासभर फाइली उघडून-मिटवूनही लॅपटॉप अडकला नाही तर यंत्र बहुधा ठीक आहे आणि दोष ड्रायव्हरमध्ये किंवा सुरुवातीलाच चालू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये आहे.

दुसरी चाचणी लाइव्ह पेनड्राइव्हची, आणि आमच्या मते ती अधिक निर्णायक आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरूनच लॅपटॉप चालू करावा आणि दोन तास वापरावा. या अवस्थेत आतल्या डिस्कला हातही लागत नाही. येथे लॅपटॉप सुरळीत चालला तर संशय आतल्या डिस्कवर किंवा तिच्यावरील प्रणालीवर येतो. येथेही गोठला तर रॅम, उष्णता, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स चिपकडे वळावे. दोन्ही चाचण्यांचा निकाल कागदावर लिहून ठेवावा.

डिस्कवर संशय आहे. काय तपासावे, आणि आधी काय करावे?

आधी आपला डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. खराब होत चाललेल्या डिस्कवर ‘चेक डिस्क’ची सखोल तपासणी लावली की ती प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचायला जाते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेसुरले आयुष्य त्यातच संपते. म्हणून हिशेब, फोटो आणि प्रबंध आधी बाहेर काढावेत, तपासणी त्यानंतर करावी.

एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत व्यापाऱ्यांचा लॅपटॉप आमच्याकडे आला तेव्हा त्यावर दोन महिन्यांत चार वेळा फॉरमॅट मारलेला होता. दर वेळी आठवडाभर लॅपटॉप उत्तम चाले, मग पट्टीची बिले काढताना मधेच गोठे आणि पुन्हा कोणीतरी नवे विंडोज टाकून देई. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचली तेव्हा बदललेले सेक्टर आणि बदलण्याच्या प्रतीक्षेतील सेक्टर हे दोन्ही आकडे चांगलेच फुगलेले दिसले. नव्याने टाकलेले विंडोज डिस्कच्या धडधाकट भागात बसत होते. जसजशा फाइली वाढत तसतशा त्या कमकुवत भागात जाऊन पडत. असा भाग वाचताना डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि तोवर विंडोज ताटकळत उभे राहते. वापरणाऱ्याला तो काळ ‘हँग’ म्हणून दिसतो. त्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली आणि तक्रार मिटली. चार फॉरमॅटचा खर्च एसएसडीच्या किमतीच्या फार मागे नव्हता, ही गोष्ट त्यांनीच हिशेब करून आम्हाला ऐकवली.

स्मार्टच्या नोंदीत ‘सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल आणि बाकीचे आकडे स्वच्छ असतील, तर डिस्क टाकून देऊ नये. तो दोष बहुधा डिस्क व बोर्ड जोडणाऱ्या चपट्या केबलचा किंवा तिच्या जोडाचा असतो आणि केबल बदलणे डिस्क बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात, आणि विशेषतः २०१९ व २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरले तेथे भिजून वाळवलेल्या लॅपटॉपांत, अशा जोडांवर गंज चढल्याचे आम्ही पाहिले आहे.

एसएसडी असूनही लॅपटॉप गोठत असेल तर ती किती भरली आहे ते पाहावे. स्वस्त एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग कमालीचा घसरतो. निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असावी. उत्पादकाने नवे फर्मवेअर (एसएसडीच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर) दिले असेल तर बॅकअप घेऊन तेही टाकून घ्यावे.

कोणते ड्रायव्हर टाकावेत आणि कोठून घ्यावेत?

लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक पाहून त्या उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावेत. आधी चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपा), मग स्टोरेज, मग ग्राफिक्स आणि शेवटी वायफाय, टचपॅड, आवाज असा क्रम ठेवावा. चिपसेटचा ड्रायव्हर पुष्कळ जण वगळतात, कारण त्याच्यावाचूनही सर्व काही चालताना दिसते. प्रत्यक्षात वीजव्यवस्थापनाचा बराच भाग त्याच्यावर अवलंबून असतो. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारे प्रोग्रॅम टाळावेत. ते जवळपासच्या मॉडेलचा ड्रायव्हर बिनदिक्कत बसवतात आणि सोबत दोन-चार नको असलेले पाहुणे आणतात.

विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर आणल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीज उघडून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ते बटण फिके असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही असा त्याचा अर्थ, आणि मग तो उत्पादकाकडून पुन्हा आणावा लागतो.

चित्र थिजते पण आवाज चालू राहतो. काय करावे?

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. पडदा क्षणभर काळा होतो, एक ‘बीप’ येते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एवढ्याने चित्र परत आले तर दोष कोठे आहे ते जवळजवळ ठरले. प्रोसेसरमधील ग्राफिक्स आणि स्वतंत्र ग्राफिक्स चिप असे दोन्ही ज्या लॅपटॉपमध्ये आहेत, तेथे दोघांचेही ड्रायव्हर उत्पादकाच्या पानावरचेच घ्यावेत. हा प्रकार व्हिडिओ पाहतानाच होत असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून दोन दिवस पाहावे.

रॅम ४ जीबी आहे. पुरेल का?

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी आहे, परंतु किमान अट म्हणजे प्रणाली सुरू होण्याची अट. ब्राउझरमध्ये दहा पाने, व्हॉट्सअ‍ॅप आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकत्र उघडले की ४ जीबी संपते, उरलेला भार डिस्कवर जातो आणि डिस्क जुनी असेल तर लॅपटॉप गोठल्यासारखा होतो. ८ जीबी घ्यावी.

रॅम सदोष असल्याचा संशय असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवावे. ते निर्दोष म्हणाले तरी पूर्ण विश्वास न ठेवता मेमटेस्ट८६ रात्रभर लावावे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या बसवलेल्या असतील तर एक काढून एका पट्टीवर दिवसभर काम करून पाहावे. पट्टी काढण्यापूर्वी चार्जर काढावा आणि आतल्या बॅटरीचा जोडही सोडवावा.

उष्णतेमुळे लॅपटॉप हँग होतो का?

होतो, पण लोकांना वाटते तितका नाही. तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्यावर लॅपटॉप तडक बंद पडतो. म्हणजे उष्णतेचे लक्षण ‘संथ होणे’ आणि ‘अचानक बंद होणे’ हे अधिक, ‘गोठून उभा राहणे’ हे कमी. तरीही नवी प्रणाली पार्श्वभूमीत जास्त काम करत असल्याने पंख्याची परीक्षा होते आणि तुंबलेला पंखा याच वेळी उघडा पडतो.

येथे कोल्हापूरच्या धुळीविषयी एक सूचना करावीशी वाटते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्री व मशीनशॉपमधून येणाऱ्या लॅपटॉपांत साध्या धुळीबरोबर लोखंडाची बारीक पूड सापडते. ती वीजवाहक असल्याने बोर्डावर बसल्यास उष्णतेहूनही वाईट परिणाम करते. असा लॅपटॉप घरी ब्लोअरने फुंकू नये, कारण पूड आणखी आत जाते. उघडून ब्रशने साफ करून घ्यावा. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात उडणारी काजळीही पंख्यात बसते, मात्र ती निदान सहज निघते. प्रोसेसरवरील पेस्ट तीन-चार वर्षांत बदलावी.

चार्जर लावला की बाण वेड्यासारखा पळतो आणि टचपॅड अडकतो. हाही प्रणालीचा दोष आहे का?

नाही. चार्जर काढल्यावर हा त्रास थांबत असेल तर घरातील अर्थिंग नसणे किंवा बनावट चार्जर ही कारणे जवळजवळ निश्चित आहेत. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालून वापरणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे आणि त्यातच अर्थिंग तुटते. लेथ किंवा वेल्डिंग मशीन चालणाऱ्या लाइनवर लॅपटॉप लावू नये. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जाते.

काम करताना काहीच होत नाही, पण लॅपटॉप तसाच सोडला की परत आल्यावर गोठलेला सापडतो.

हे वीज वाचवण्याच्या व्यवस्थेचे लक्षण आहे. लॅपटॉप रिकामा बसला की प्रोसेसर, एसएसडी आणि वायफाय कार्ड पेंगू लागतात, आणि त्यांतील एखादा वेळेवर जागा होत नाही. पॉवर ऑप्शन्समधील प्रगत यादीत पीसीआय एक्सप्रेसखाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ असते, ते बंद करावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा’ या अर्थाची खूण काढावी. ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करून पाहावे, त्यात शटडाउन करताना गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि बिघडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी त्याच अवस्थेत परत येतो. शटडाउन करून न गेलेला त्रास रीस्टार्टने जातो याचे कोडे पुष्कळांना पडते, त्याचे उत्तर हेच आहे. सर्व बदल एकदम करू नयेत. एक करावा, दिवसभर पाहावे, मग दुसरा.

माझा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा आहे. दुकानदाराने ‘जुगाड करून’ विंडोज ११ टाकून दिले. चालेल ना?

चालते, पण नियमाने नव्हे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूटची (खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी) सोय लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर यादीत आहेत. या अटी चुकवून प्रणाली टाकता येते; मात्र अशा लॅपटॉपसाठी उत्पादकाने विंडोज ११ चे ड्रायव्हर बहुधा काढलेलेच नसतात आणि विंडोज १० चे ड्रायव्हर ओढूनताणून वापरावे लागतात. शिवाय विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचे संरक्षण असते. सातव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरांत त्यासाठीची सोय नसल्याने तेच काम सॉफ्टवेअरला करावे लागते आणि वेग जाणवण्याइतका घटतो. ते बंद केल्यास लॅपटॉप हलका होतो, पण संरक्षणाचा एक थर जातो. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने हा सौदा विचार करून करावा.

आमचे मत विचाराल तर असा लॅपटॉप विंडोज १० वर ठेवून मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना घ्यावी, जी घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली होती, किंवा सरळ लिनक्सकडे वळावे.

पेनड्राइव्हवरचे ‘अ‍ॅक्टिव्हेट केलेले’ विंडोज टाकले आहे. त्याने फरक पडतो का?

पडतो. अशा प्रतींमधून ‘हलके’ करण्याच्या नावाखाली काही सेवा कापलेल्या असतात, अपडेट बंद केलेले असते आणि अ‍ॅक्टिव्हेट करणारा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत सतत चालत असतो. तो आणखी काय करतो हे कोणीच सांगू शकत नाही. अशा लॅपटॉपमधील हँगचे कारण शोधणे म्हणजे पायाच ठाऊक नसलेल्या घराची ओल शोधणे होय. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने स्वतः पेनड्राइव्ह तयार करावा. लॅपटॉप मुळात विंडोजसह विकत घेतलेला असेल तर त्याचा परवाना बहुधा बोर्डातच नोंदलेला असतो आणि तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) टाकल्यास आपोआप लागू होतो. फुकट मिळत असलेली वस्तू चोरून वापरणारे कितीतरी ग्राहक आम्हाला भेटतात.

विंडोजच्या नोंदींमध्ये काय शोधावे?

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे शोधल्यास एक तक्ता उघडतो. त्यात कोणत्या दिवशी काय बिघडले आणि त्याच दिवशी काय नवे बसले हे शेजारी-शेजारी दिसते. त्याहून खोल जायचे असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीमची नोंद उघडून गोठण्याच्या वेळेच्या आधीची पाच मिनिटे वाचावीत. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ हमखास दिसते आणि लोक घाबरतात. लॅपटॉप नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच ते सांगते, आणि बटण दाबून तो आपणच बंद केलेला असतो. उपयोगाचे क्रमांक वेगळे आहेत. डिस्कच्या नावापुढे ७ किंवा १५३, अथवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावापुढे १२९ असेल तर डिस्क किंवा तिचा जोड, डिस्प्लेपुढे ४१०१ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि ‘व्हीया-लॉगर’ (WHEA-Logger) असेल तर यंत्राच्या स्वतःच्याच चुका. नोंद कोरी असूनही लॅपटॉप गोठत असेल तर तोही पुरावाच आहे : प्रणालीला नोंद लिहिण्याचीसुद्धा उसंत मिळाली नाही, म्हणून यंत्राकडे बोट दाखवावे.

आम्ही डीटीपीचे काम करतो. मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर सुरू केले की लॅपटॉप अडकतो.

लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल छापणाऱ्या बऱ्याच मंडळींचा हा प्रश्न आहे. युनिकोडपूर्व काळातील टायपिंग प्रणाली कीबोर्डचे प्रत्येक बटण मधेच अडवून त्याचे अक्षर बदलतात, आणि काहींना यूएसबी डाँगलचा (परवान्याची किल्ली असलेल्या यूएसबी कांडीचा) ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असेल तर नव्या प्रणालीत अडथळा होणे अपेक्षितच आहे. सॉफ्टवेअर काढून दिवसभर पाहावे. त्रास थांबला तर विक्रेत्याकडून नव्या प्रणालीसाठीची आवृत्ती मागावी. नवा मजकूर टाइप करण्यासाठी विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड अंगभूत आहेत. जुन्या फॉन्टमधील फाइलींसाठी मात्र एक जुना संगणक, इंटरनेटला न जोडता, तसाच ठेवणे व्यवहार्य आहे. छापखान्यात एवढी जागा निघते.

लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप गोठतो. त्यासाठी वेगळे काय करावे?

प्रथम कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून पाहावे. काळा पडदा आणि लॉगिनची ओळ आली तर केवळ चित्राचा भाग अडकला आहे आणि तेथून नीट रीस्टार्ट करता येते. तेही जमले नाही तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी ही अक्षरे थांबत-थांबत दाबावीत. डिस्कवरचे लेखन पूर्ण होऊन लॅपटॉप सुरक्षितपणे पुन्हा सुरू होतो. काही लॅपटॉपांत त्यासाठी एफएन बटणही धरावे लागते.

सुरू होतानाच गोठत असेल आणि एनव्हिडियाची चिप असेल तर बूटच्या वेळी ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा पर्याय जोडून आत शिरावे आणि एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर टाकावा. शाळांमध्ये व जुन्या स्वस्त लॅपटॉपांत सेलेरॉन एन२८४० सारखे ‘बे ट्रेल’ प्रोसेसर आढळतात. त्यांवर लिनक्स अधूनमधून पूर्ण गोठण्याचा त्रास प्रसिद्ध आहे आणि प्रोसेसरची गाढ झोप मर्यादित करणारा कर्नल पर्याय त्यावर लागू पडतो. पहिल्या पिढीच्या रायझेनमध्येही रिकाम्या वेळी गोठण्याचा प्रकार घडतो; बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असल्यास ते ‘टिपिकल’वर ठेवावे.

बायोस अपडेट करू का?

उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी नवी आवृत्ती दिली असेल आणि तिच्या टिपणात स्थिरतेचा उल्लेख असेल तर अवश्य करावे. बिटलॉकर आधी तात्पुरते थांबवावे, बॅटरी पुरेशी भरलेली असावी आणि चार्जर लावलेला असावा. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले असताना, म्हणजे वळीव कोणत्याही क्षणी येऊन लाइट जाणार असे दिसत असताना, हे काम काढू नये. अर्धवट लिहिलेल्या बायोसचा लॅपटॉप हँग होत नाही, तो चालूच होत नाही.

जुन्या प्रणालीवर परत जाता येईल का?

डिस्क न पुसता जुन्या विंडोजवरच नवी प्रणाली चढवली असेल तर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील सिस्टीम, रिकव्हरी येथे ‘गो बॅक’ हा पर्याय राहतो. फाइली शाबूत राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जातात. डिस्क पुसून नवी प्रणाली टाकली असेल तर हा मार्ग नाही. जागा मोकळी करण्याच्या भरात जुनी प्रणाली साठवलेला ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर काढून टाकला असेल तरीही नाही.

दुकानात आणताना सोबत काय आणावे?

लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर आणावा. पुष्कळ जण घरी विसरतात आणि आम्ही दुसऱ्या चार्जरवर तपासत बसतो, जेव्हा दोष घरी राहिलेल्या चार्जरमध्येच असतो. काढून ठेवलेला व्हिडिओ, सेफ मोड आणि लाइव्ह पेनड्राइव्हच्या चाचण्यांचे निकाल, प्रणाली कोणत्या तारखेला व कशी टाकली ही माहिती, आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून आणावी. बॅकअप घेतला आहे की नाही हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण त्यावर आम्ही कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे ठरते. लॉगिनचा पासवर्ड झाकणावर चिकटवून देऊ नये. तपासणीसाठी एक वेगळे तात्पुरते खाते तयार करून द्यावे आणि लॅपटॉप परत मिळाल्यावर ते काढून टाकावे.